ब्लॅक सोल्जर फ्लायचे कोष भरपूर, पण माशाच निघत नाहीत: माझा अनुभव

देवगडजवळ घरामागच्या पडवीत कोंबड्यांना खाद्य म्हणून ब्लॅक सोल्जर फ्लाय या काळ्या माशीच्या अळ्या पाळतो. गणपतीनंतर माशा ठेवायचं जाळीघर रिकामं पडायला लागलं. अळ्या धडधाकट, कोष ढीगभर, माशी मात्र नाही.

ओल असेल म्हणून भुसा बदलला. बल्ब लावला. नवीन अंडी विकत आणली. दीड महिना आणि पैसे दोन्ही पाण्यात.

मग चिमटीत धरून एकेक कोष बघितला. माशी निघते तेव्हा कोष डोक्याकडे उकलतो. इथे कुरतडलेलं गोल भोक. बंद बरणीत ठेवलेल्या कोषांतून मुंगीएवढ्या काळ्या गांधीलमाश्या निघाल्या, डोक्यावर दोन बारीक शिंगं. शिंगांवरून डिऱ्हिनस गटातली वाटली. पश्चिम आफ्रिकेत याच गटातली एक जात सोल्जर फ्लायच्या मुळावर आल्याची नोंद २०१५ सालची आहे. ही गांधीलमाशी कोषात अंडं घालते, तिची अळी आतून कोष फस्त करते.

उपाय, याच क्रमाने: काळपट होऊन टबाबाहेर चढणाऱ्या अळ्या रोज संध्याकाळी उचला, रात्रभर उघड्या ठेवू नका. झाकणाच्या डब्यात नवा कोरडा भुसा, तोंडाला जुन्या धोतराचं दुपदरी कापड, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी. पहिली माशी दिसली की डबा जाळीघरात नेऊन उघडा. सात दिवसांनी उरलेले कोष सरळ उकळत्या पाण्यात, कारण गांधीलमाशी माशीनंतर निघते. (उकडलेले कोष कोंबड्या आवडीने खातात.) जुना भुसा जाळला. फवारणी नको, माशाही मरतात.

दिवाळीनंतरच्या तिसऱ्या खेपेला जाळीघर पुन्हा भरलं.