पेडल नरम लागतंय? हवा काढायला बसण्याआधी या चुका टाळा

खानदेशात जुन्या गाड्यांचे शौकीन मोजकेच, पण हौस दांडगी. जळगावात कुणाच्या पोर्चमध्ये आजोबांची फियाट, धुळ्यात कुणाकडे स्टँडर्ड हेराल्ड, आणि केळीच्या पट्ट्यात एखाद्या वाड्यात ताडपत्रीखाली झाकलेली, मुंबईहून आणलेली एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार. गाडी कोणतीही असो, गॅरेजात आल्यावर तक्रार तीच: "ब्रेक लागस भो, पन पंप करनं पडस." मिस्तरीचं उत्तरही ठरलेलं. ब्रेक ऑईलच्या पाइपात हवा धरली असेल, काढून टाकू.

हवा काढली जाते. पेडल दोन-चार दिवस बरं वाटतं, मग परत जैसे थे. परत हवा, परत नवा डबा. ब्रेक ऑईल संपत जातं आणि मूळ बिघाड जागच्या जागी राहतो. माझं म्हणणं एवढंच आहे की नरम पेडल म्हणजे हवाच, हे आधी डोक्यातून काढा.

उदाहरणाला एमजीबी घेतो, कारण १९६२ ते १९८० एवढा काळ ती बनत होती आणि तिची रचना तेव्हाच्या बऱ्याच ब्रिटिश स्पोर्ट्स कारसारखीच आहे: पुढे डिस्क (पॅड चकतीला दोन्हीकडून दाबतात), मागे ड्रम (शू आतून ड्रमला लागतात). सुरुवातीच्या गाड्यांत ब्रेकचं सर्किट एकच. म्हणजे एका चाकाचा पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, उरला तो हँडब्रेक. म्हणून कामाला हात घालण्याआधी हँडब्रेकची केबल धड आहे का ते बघून घ्या. हे काम शेवटी ठेवणारे फार.

पाना उचलण्याआधी पाय वापरा

इंजिन बंद, गाडी सपाट जागेवर, चाकांना दगड. आता पेडल सावकाश दाबा आणि ते कसं लागतं ते नीट बघा.

भरिताचं भाजलेलं वांगं दाबावं तसं मऊ, दाबत गेलं की दबतच जाणारं पेडल असेल तर हवेचा संशय बरोबर. पण पहिल्यांदा पेडल खोल गेलं, दुसऱ्या-तिसऱ्या पंपाला वर आलं आणि वर आल्यावर घट्ट लागलं, तर ती बहुतेक वेळा हवा नसते. मागच्या ड्रममध्ये शू आणि ड्रम यांच्यातलं अंतर वाढलेलं असतं. तिसरा प्रकार: पेडल घट्ट आहे, पण पाय तसाच दाबून धरला की ते हळूहळू खाली बसत जातं. बाहेर कुठे ऑईलचा थेंब दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑईलला दाब देणाऱ्या पंपाच्या) आतला वायसर, म्हणजे रबरी सील, दाब सोडतोय. याला कितीही हवा काढा, फरक पडणार नाही.

चौथा प्रकार म्हणजे बिघाड नसलेला बिघाड. रोज स्विफ्ट चालवणारा माणूस सर्वो (पायाच्या जोराला मदत करणारी यंत्रणा) नसलेली जुनी गाडी चालवतो आणि म्हणतो, ब्रेकच नाहीत. सर्वो नसेल तर पायाला जोर लागणारच. पेडल वर आणि घट्ट असेल, गाडी सरळ थांबत असेल, तर ती गाडी खोलू नका.

सावद्याकडच्या एका आप्पांची गाडी अशीच बऱ्याच ठिकाणी हवा काढून आलेली होती. पेडल पंपाला वर यायचं, आणि उभ्या गाडीत दाबून धरलं की अगदी सावकाश बसायचं. मास्टरवर संशय होता. मागचा डावा ड्रम उतरवला तेव्हा व्हील सिलिंडर (ऑईलच्या दाबाने शू ढकलणारा) वरून कोरडा दिसत होता. बोटाने त्याची रबरी टोपी कडेला सरकवली आणि आतून ऑईल ओघळलं. गळती टोपीच्या आत साचत होती. थोडी शूच्या लायनरवर उतरायची आणि तिथे काळ्या मातीच्या धुळीत मिसळून तिचा लगदा झाला होता. टोपी न उचलता "कोरडा आहे" म्हणणं ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे.

बिघाड कुठे आहे हे नेमकं कळत नसेल तर होज पाइप एकेक करून दाबून बघतात. एमजीबीला लवचीक होज तीन: पुढे दोन, मागे एक. गोल जबड्याच्या होज क्लॅम्पने तिन्ही बंद केले आणि पेडल एकदम दगडासारखं झालं, तर मास्टर ठीक. मग एकेक सोडत जा. ज्या होजला पेडल खोल जाईल, त्या बाजूला बिघाड. उघड्या पक्कडीने होज चेपू नका, आतलं रबर फाटतं. होज जुनाट, तडे गेलेले असतील तर तपासत बसण्यापेक्षा बदलाच. बाहेरून धडधाकट दिसणारं होज आतून सुजून जवळपास बंद झालेलंही असतं. मग दाब जातो पण परत येत नाही, ब्रेक धरून राहतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

ड्रम न जुळवता हवा काढणे

एमजीबीच्या मागच्या ड्रमला आपोआप जुळणारी यंत्रणा नाही. बॅक प्लेटच्या मागून चौकोनी डोक्याचा एक ॲडजस्टर येतो. चाक उचलून तो घड्याळाच्या दिशेने चाक अडेपर्यंत फिरवायचा, मग चाक मोकळं फिरेल इतका एक-दोन टिचक्या मागे घ्यायचा. पाच मिनिटांचं काम आहे. पण ॲडजस्टर गंजून बसलेला असतो, साध्या पान्याने त्याचं डोकं गोल होतं आणि मिस्तरी तो तसाच सोडून देतो. रात्री गंज सोडवणारं ऑईल मारा, सकाळी नीट बसणारा चौकोनी पाना लावा. हँडब्रेकची केबल ताणून अंतर भरून काढायचा शॉर्टकट मात्र करू नका. शू अर्धवट लागून राहतात, ड्रम तापतो आणि पेडल आहे तिथेच राहतं.

ड्रम उतरवल्यावर आतली धूळ कंप्रेसरच्या हवेने उडवायची आपल्याकडे सवय आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ती धूळ फुप्फुसात गेली की कायमची. ब्रेक क्लीनर किंवा साबणाच्या पाण्याने ओली करूनच पुसा.

खरोखर हवाच असेल तर

आधी निपल, म्हणजे हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, कुठे आहे ते बघा. हवा वर चढते, म्हणून कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) निपल सगळ्यात वर असायला पाहिजे. डावा कॅलिपर उजवीकडे लागला की निपल खाली येतो आणि वर अडकलेला बुडबुडा जन्मभर निघत नाही. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण पेंट करून परत जोडलेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं.

दुसरी गोष्ट, जुन्या मास्टरचं पेडल थेट तळापर्यंत मारू नका. रोजच्या वापरात वायसर बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या पोकळीच्या) ठरावीक भागातच फिरतो. त्यापुढचा भाग वर्षानुवर्षं गंजलेला असतो. हवा काढताना पेडल तळाला गेलं की वायसर त्या खरखरीत भागावर घासतो आणि काल चालणारा मास्टर आज दाब सोडायला लागतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. निपलला लावलेल्या नळीचं टोक ऑईलमध्ये बुडालेलं असू द्या, आणि टाकीतलं ऑईल संपू देऊ नका. निपलच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून गळती थांबवणारे भेटतात. निपल आट्यांवर नाही, टोकाच्या उतरत्या तोंडावर बसून सील होतो. गळत असेल तर निपल नाहीतर त्याची बैठक खराब आहे.

हवा काढून सगळं घट्ट झालं आणि तरी पहिलं पेडल खोल जात असेल, तर पुढचं चाक वर-खाली धरून हलवून बघा. बेअरिंग ढिलं असेल तर डिस्क डुलते आणि पॅड मागे ढकलते. पुढच्या वेळी ब्रेक दाबला की पॅड परत जागेवर आणण्यातच पेडल जातं. एमजीबीच्या पुढच्या हबच्या बेअरिंगची ढील पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) टाकून ०.००२ ते ०.००४ इंचांत बसवायची असते. नट अंदाजाने आवळायचा नसतो.

ऑईलचे घोळ

इथे जास्त थांबतो, कारण इथली चूक सगळी सिस्टीम खाते.

ब्रेक ऑईल नावालाच ऑईल. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या प्रतींची ऑईलं ग्लायकॉल या रसायनावर आधारित असतात आणि हवेतली ओल ओढून घेतात. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ चे तेच आकडे २०५ आणि १४०. म्हणून पावसाळाभर झाकण अर्धवट लावून फळीवर ठेवलेला डबा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. लहान सीलबंद बाटली घ्या, उरलेलं टाका. दर दोन वर्षांनी सगळं ऑईल बदला.

डॉट ५ मात्र वेगळंच प्रकरण. ते सिलिकॉनचं, बहुधा जांभळट रंगाचं. ते ओल ओढत नाही, गाडीचा रंग खात नाही, म्हणून शोभेच्या गाड्यांना काही लोक वापरतात. पण त्यात बारीक बुडबुडे अडकून राहतात आणि पेडल थोडं नरमच लागतं. डॉट ५ आणि डॉट ५.१ ही नावं जवळची, माल पूर्ण वेगळा. ग्लायकॉलमध्ये सिलिकॉन मिसळू नका. चालवायची, घाट उतरायची गाडी असेल तर मी डॉट ४ च टाकेन.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे इंजिन ऑईलच्या फनेलने ब्रेक ऑईल ओतणं, किंवा वायसर डिझेल-पेट्रोलमध्ये धुणं. खनिज तेल लागलं की ही रबरं फुगतात. टाकीच्या झाकणाखालचं रबर फुगून वेडंवाकडं झालेलं दिसलं तर समजा, आतली सगळी रबरं तशीच झाली आहेत. तेव्हा फक्त ऑईल बदलून भागत नाही. पाइप धुऊन काढायचे आणि मास्टर, कॅलिपर, व्हील सिलिंडर, होज सगळ्यांचं रबर नवं.

किट, पाइप आणि आटे

खड्डे पडलेल्या बोअरमध्ये रबरांचं नवं किट टाकणं म्हणजे पैसे वाया. बोअर कपड्याने पुसून उजेडात धरा, नखाला खड्डा लागला तर सिलिंडर नवा घ्या किंवा स्टेनलेस स्लीव्ह टाकून घ्या. मास्टर परत बसवताना पेडलला मास्टरशी जोडणाऱ्या पुशरॉडला थोडी ढील ठेवा. पेडलच्या टोकाला ती साधारण ३ मिलिमीटर जाणवली पाहिजे. ढील नसेल तर आतलं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, तापलेलं ऑईल टाकीत परत जात नाही, आणि गाडी चालता चालता ब्रेक स्वतःच लागत जातात.

आता आट्यांचं. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बारीक ब्रेक पाइपच्या नटाला ३/८ इंच, इंचाला २४ आटे असतात. आपल्याकडे सहज मिळतो तो १० मिमी, १ मिमी पिचचा (दोन आट्यांतलं अंतर). दोन्ही दिसायला भाऊ-भाऊ. ३/८ चा नट १० च्या भोकात जातोही, थोडा घट्टही लागतो, आणि जोरात ब्रेक मारल्यावर आटे सोडतो. नट हाताने शेवटपर्यंत सहज जात नसेल, किंवा डुगडुगत जात असेल, तर तिथेच थांबा. पाइपही साध्या तांब्याचा नको, कंपनाने तडकतो. तांबं-निकेलचा घ्या.

मोठा मास्टर बसवला की पेडल वर येतं, असं सांगणारेही आहेत. येतं. पण ३/४ इंचाच्या जागी ७/८ चा टाकला की पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ३६ टक्क्यांनी वाढतं, आणि तेवढ्याच ब्रेकला पायाचा जोरही तेवढाच जास्त लागतो. बिघाड शोधायचा सोडून पेडल घट्ट करून घेतल्यासारखं होतं.

घाटाआधी

कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना किंवा तोरणमाळहून खाली येताना पेडल अचानक नरम होतं, खाली येऊन गाडी तासभर उभी केली की परत ठीक. हे ऑईल उकळण्याचं लक्षण. भुसावळचा ४५ अंशांचा मे महिना ऑईल उकळवत नाही, ते काम सतत ब्रेकवर ठेवलेला पाय करतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. आणि गाडी थंड झाली, ब्रेक परत आले, म्हणून पुढच्या घाटाला तशीच नेऊ नका. ऑईल बदला.

काम झाल्यावर मोठ्या रस्त्याला लागू नका. आधी अंगणातच पेडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरा आणि दुसऱ्या माणसाला प्रत्येक सांधा कोरड्या कपड्याने पुसून बघायला सांगा. मग पहाटे एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर, हात हँडब्रेकवर ठेवून, आधी अगदी हळू. रात्री चारही चाकांखाली वर्तमानपत्र टाका. नवे शू टाकले असतील तर शंभरेक किलोमीटरनंतर मागचे ॲडजस्टर पुन्हा जुळवा, कारण लायनर ड्रमला बसत जातं तसं अंतर वाढतं आणि पेडल परत थोडं खाली जातं. तेव्हा कुणी हवा काढायचं म्हणालं तर त्याला आधी चौकोनी पाना द्या.