कॉलेजात स्पॅनिश: १०१ की २०१?

जुलैत एपीचे, म्हणजे हायस्कूलमध्येच द्यायच्या कॉलेज पातळीच्या परीक्षांचे, निकाल लागले की अमेरिकेतल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून मला फोन सुरू होतात. "अगं, हायस्कूलला हिचं चार वर्षं स्पॅनिश झालंय. आता कॉलेजात कुठला क्लास घ्यायचा?" आणि लगेच पुढे, "तिचे बाबा म्हणतायत, १०१च घे, अगदी पहिला वर्ग, फुकटचा ए मिळेल."

आधी बाबांना थांबवा. हायस्कूलला दोन-तीन वर्षं स्पॅनिश केलेल्यांना बऱ्याच कॉलेजांत १०१ घेऊच देत नाहीत, किंवा त्याचं क्रेडिट धरत नाहीत. शिवाय पदवीसाठीची भाषेची अट २०२ला (१०१, १०२, २०१ नंतरच्या चौथ्या वर्गाला) संपत असेल, तर तळापासून चढायचं म्हणजे चार सेमिस्टर आणि तेवढी फी. मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात तर उलटा हिशोब आहे: वरच्या पातळीच्या वर्गापासून सुरुवात करून बी किंवा अधिक मिळवला, तर खालच्या वर्गांची क्रेडिट्स मागाहून मिळतात.

एपीत पाचपैकी ४ किंवा ५ असेल (काही ठिकाणी ३सुद्धा चालतो), तर कॉलेजच्या साइटवरचा तक्ता बघा आणि स्कोअर पाठवा. 'हेरिटेज' लिहिलेल्या वर्गाची वेळ कितीही सोयीची असली तरी तो सोडा. तो घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी असतो.

आता प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कुठल्या वर्गात बसायचं ते ठरवणारी परीक्षा. मी इथेच आपटले. चार वर्षं सगळे ए होते. ऑगस्टमध्ये माझ्या खोलीत, शेजारच्या टॅबमध्ये डिक्शनरी उघडी ठेवून मी ती टेस्ट दिली. निकाल आला: ३०१. पहिल्याच तासाला बाईंनी विचारलं, लहानपणी उन्हाळ्यात काय करायचात? मी तोंड उघडलं आणि सगळा भूतकाळ एकाच काळात कोंबला. ऐकणाऱ्यांना वाटलं असेल, ही लहानपणी एकदाच पोहायला गेली होती.

पर्यायांतलं बरोबर उत्तर ओळखणं वेगळं आणि स्वतः वाक्य जुळवणं वेगळं. बहुतेक ऑनलाइन टेस्ट पहिलंच मोजतात. म्हणून टेस्ट उघडण्याआधी कागद घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि पंधरा मिनिटांत दोन परिच्छेद लिहा: गेल्या रविवारी काय केलं, आणि लहानपणी सुट्टीत काय करायचात. मग प्रत्येक क्रियापदाभोवती गोल करा.

इथे मराठी कामाला येते, आणि हे हायस्कूलात मला कुणी सांगितलं नव्हतं. 'काल गेले' म्हणजे 'फुई'. 'लहानपणी जायचे' म्हणजे 'इबा'. हा फरक आपल्या कानात जन्मापासून आहे, फक्त रूपं पाठ हवीत. ती आठवतच नसतील, सगळी क्रियापदं वर्तमानकाळात पडली असतील, तर १०२. दोन्ही येतात पण अधूनमधून गल्लत होते, तर २०१. गल्लत होत नसेल तर आणखी एक वाक्य लिहा: 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे.' 'किएरो के वेंगास' न अडखळता आलं, तर २०२ किंवा त्याच्या वर. आपल्या 'यावंस'चं काम तिथे 'वेंगास' करतं. वर्गांचे आकडे कॉलेजागणिक बदलतात, तेव्हा नावावर न जाता अभ्यासक्रमात कुठले काळ शिकवतात ते वाचा.

मग टेस्ट द्या, डिक्शनरीशिवाय. कागद आणि टेस्ट यांचं जुळलं नाही, तर मी कागदाचं ऐकते. स्पॅनिश विभागाला मेल करून कागदाचा फोटो जोडा. जनरल अॅडव्हायझरला विचारू नका. तो ट्रान्सक्रिप्टवरची (गुणपत्रिकेवरची) वर्षं मोजतो आणि एका वर्षाला एक सेमिस्टर लावून मोकळा होतो.

दोन पातळ्यांत अडकलात तर वरच्या वर्गात नाव नोंदवा, खालच्या वर्गाची वेळ मोकळी ठेवा. पहिल्या आठवड्यात सूचना समजतात पण उत्तर देताना घाम फुटतो, तर जागा बरोबर आहे. कुठलं पान उघडायचं हे शेजारणीच्या पुस्तकात डोकावून कळत असेल, तर त्याच दिवशी खाली उतरा.

अॅड-ड्रॉपची, म्हणजे वर्ग बदलायची किंवा सोडायची, शेवटची तारीख रजिस्ट्रारच्या कॅलेंडरमध्ये असते. तिच्या दोन दिवस आधीचा गजर लावा. माझी ती तारीख निघून गेली तेव्हा मी लायब्ररीत ३०१ची कादंबरी वाचत होते, पान ११, आणि समासात पेन्सिलीने लिहिलेले अर्थ मूळ ओळींपेक्षा जास्त झाले होते. ट्रान्सक्रिप्टवर त्या विषयापुढे अजून डब्ल्यू आहे, म्हणजे 'विथड्रॉन', वर्ग मध्येच सोडला.