स्टायर की मोरिनी? गोव्यातल्या नव्या पिस्तूल नेमबाजांसाठी

रेंजवर पहिल्यांदा येणारी बहुतेक पोरं मोबाइलवर ग्लॉक आणि त्याच्याच जातीच्या दुसऱ्या एखाद्या पॉलिमर फ्रेमच्या पिस्तुलाची तुलना बघून आलेली असतात. "सर, यातलं कुठलं चांगलं?" हा प्रश्न ठरलेला. ती 9 मिमीची पिस्तुलं, आणि 9 मिमी हा आपल्याकडे निषिद्ध बोअर (नळीचं माप) आहे, त्यामुळे खेळासाठी म्हणून तुम्हाआम्हाला तो मिळायचा नाही. आपली वाट 10 मीटर एअर पिस्तुलापासून सुरू होते. पुढे .22 बोअरच्या पिस्तुलाचा 25 मीटर प्रकार आहे, ज्यात कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. पण त्याला परवाना लागतो, आणि तो विचार नंतरचा.

तरी पोरांचा प्रश्न अगदीच वाया जात नाही, कारण एअर पिस्तुलातही तोच पेच पुढ्यात येतो. क्लबचं पिस्तूल वापरून झालं, गुण थोडे स्थिरावले, घरच्यांनी लाखाच्या वरचा खर्च मान्य केला की दोन नावं हमखास पुढे येतात: ऑस्ट्रियाचं स्टायर आणि स्वित्झर्लंडचं मोरिनी. 2023च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, नेमबाजी आमच्या मांद्र्यात झाली. त्यानंतर पेडणे-म्हापशाकडच्या घरांतूनही हा प्रश्न विचारला जाऊ लागलाय.

कागदावर दोघांत निवडण्यासारखं फार काही नाही. दोन्ही 4.5 मिमीची, दोन्ही सिलिंडरमधल्या 200 बार दाबाच्या हवेवर चालणारी, वजन दोघांचंही किलोच्या आसपास, म्हणजे स्पर्धेतल्या 1500 ग्रॅमच्या मर्यादेच्या बरंच आत. शिकंज्यात पकडून मारली तर दोघांचेही छर्रे जवळपास एकाच भोकातून जातात. लक्ष्यावरचा दहा गुणांचा गोल 11.5 मिमीचा आहे. तेवढ्यात पिस्तूल चुकत नाही, मनगट चुकतं. म्हणून "जास्त अचूक कुठलं" यावर वाद घालणाऱ्यांच्या नादाला लागू नका.

खरा फरक ग्रिपमध्ये, आणि तोही कंपनीचा नाही, तुमच्या हाताचा. दोघांनाही लाकडी ग्रिप येते, छोट्या-मध्यम-मोठ्या मापात, डावखुऱ्यांसाठी वेगळी. दुकानदार जे पडून आहे ते पुढे करतो, आणि बारीक हाताच्या मुलींच्या गळ्यात मध्यम माप मारलं जातं. तेव्हा मी सांगतो ती चाचणी करून बघा. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करा, सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं असल्याची खूण म्हणून नळीत घातलेली रंगीत दोरी) काढण्याआधी शेजारच्याला सांगा, समोर कोरी भिंत ठेवा. डोळे मिटून हात उचला, नेहमीच्या जागी थांबवा, मग डोळे उघडा. पुढची साइट (नेम धरायची खूण) मागच्या खाचेत आपोआप मधोमध बसली तर ग्रिप तुमची. दर वेळी ती एकाच बाजूला कललेली दिसली, तर ग्रिपचा कोन बदलून पाहा, तळहाताखालची पट्टी वर-खाली करून पाहा. तरीही मनगट वाकवूनच साइट जुळवावी लागत असेल तर ते पिस्तूल कितीही नावाजलेलं असो, खाली ठेवा. स्पर्धेत 75 मिनिटांत 60 गोळ्या मारायच्या असतात. पहिल्या दहाला मनगट गप्प बसतं, चाळिसाव्याला बोलू लागतं. थोडं कमी-जास्त असेल तर कानस आणि पुटीने ग्रिप घडवता येते, जवळजवळ सगळेच ते करतात. फक्त ग्रिप मनगटाला टेकली की नियमात बसत नाही.

ट्रिगर हा दुसरा फरक. स्टायर एलपी 10चा ट्रिगर यांत्रिक, मोरिनी 162 ईआयचा इलेक्ट्रॉनिक. दोघांनाही किमान 500 ग्रॅमचा नियम लागू, म्हणजे त्याहून कमी वजनाला ट्रिगर सुटता कामा नये, आणि स्पर्धेआधी वजन लटकवून तो तपासतात, म्हणून दहा-वीस ग्रॅम वरच ठेवा. मोरिनीचा सुटतो तो काच तडकावी तसा, स्वच्छ आणि दर वेळी तंतोतंत सारखा. स्टायरमध्ये झटका शोषणारी यंत्रणा असल्याने गोळी सुटल्यावर साइट कमी उडते. नवख्याला आपली चूक कुठे झाली ते त्यात नीट दिसतं, असं माझं मत. याच कारणासाठी मी स्टायर घेतलं. माझ्या शेजारच्या लेनवरची ताई मोरिनी वापरते आणि माझ्यापेक्षा बरी मारते, तेव्हा माझं मत किती धरायचं ते तुम्ही ठरवा.

बिघाडाचं म्हणाल तर यंत्र कुठलंही अडतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडलं आणि मोलाची मिनिटं गेली. पॅरिसमध्ये तिनेच दोन कांस्यपदकं आणली. बॅटरीचं पिस्तूल घेतलंत तर सुटी बॅटरी पेटीत ठेवायला विसरू नका, एवढंच.

आता आपल्या पावसाबद्दल, कारण परदेशी तुलनेत हे सापडायचं नाही. जून ते सप्टेंबर किनाऱ्यालगतच्या घरात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. पेटीतला फोम ओल धरतो. सरावाहून आल्यावर पेटी थोडा वेळ उघडी ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा, धातूच्या भागांवरून किंचित तेलकट फडकं फिरवा. नळीत किंवा हवेच्या झडपेत तेल फवारायचं नाही. लाकूड फुगतं, त्यामुळे ग्रिपचा स्क्रू पावसाळ्यात अधूनमधून तपासा. सिलिंडर भरायला काही जण स्कूबाची टाकी आणि अडॅप्टर वापरतात. चालतं, पण हवा कोरडी आणि गाळलेली हवी.

विक्रेत्याला किमतीच्या आधी दोन गोष्टी विचारा: सील आणि स्प्रिंग सहज मिळतात का, आणि दुरुस्तीला पिस्तूल कुठे पाठवावं लागतं. यात ज्याचं उत्तर सरळ येईल त्याच्याकडे माझा कल राहील, मग नाव कुठलंही असो. जुनं घेत असाल तर सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. त्याचं आयुष्य 10 वर्षांचं धरतात, आणि मुदत संपलेल्या सिलिंडरवर स्पर्धेत उतरू देत नाहीत. तो बदलायचा खर्च सौद्यातून वजा करून घ्या.