जुन्या कादंबरीतले अडलेले शब्द पक्के कसे करावेत

एकोणिसाव्या शतकातली मराठी कादंबरी हातात घेतली की पहिल्या काही पानांतच शब्द अडायला लागतात. लगेच कोश उघडू नका. एक प्रकरण सलग वाचा, अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने नुसता ठिपका द्या. तोच शब्द पुन्हा भेटला तर दुसरा ठिपका. मग दोन ठिपक्यांचे शब्द आणि ज्यांच्यावाचून वाक्यच लागत नाही असे शब्द, एवढेच वहीत घ्या. एका बैठकीला सहा-सात पुरेत. पानागणिक पंधरा शब्द काढायला बसलं की वही भरते आणि कादंबरी अर्धवट राहते.

‘शब्द कोशात सापडतच नाही’ ही नेहमीची रड. बहुतेक वेळा शब्द असतो, आपण चुकीचं रूप शोधत असतो. पानावर ‘गांठोड्यांतलें’ छापलेलं असतं, कोशात ‘गांठोडें’. आधी प्रत्यय काढा, मग सामान्यरूपावरून मूळ शब्द गाठा: देवळास – देऊळ, पावसांत – पाऊस. अनुस्वारासह आणि अनुस्वाराशिवाय, दोन्ही शोधा. न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२च्या लेखननियमांनी गेले. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि १९३२पासून खंडाखंडाने निघालेला दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ त्याआधीचे. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. मोल्सवर्थ अर्थ इंग्रजीत देतो, तेव्हा मराठी अर्थासाठी दाते-कर्वेच बरा.

खरा दगा देतात ते ओळखीचे शब्द, कारण त्यांच्याखाली ठिपका पडतच नाही. ‘मौजे मजकूर’ म्हणजे सदरहू गाव. इथल्या ‘मजकूर’चा लिखाणाशी संबंध नाही. ‘प्रवासाचा बंदोबस्त केला’ यात पोलीस नाहीत, नुसती तयारी आहे. ‘ती रोज म्हणे’ ही ऐकीव गोष्ट नव्हे. ती रोज म्हणत असे. ओळखीचा शब्द असूनही वाक्य विचित्र वाटलं, तर कोशातला दुसरा-तिसरा अर्थ लावून पाहा.

वहीत प्रत्येक शब्दाला चार गोष्टी हव्यात: मूळ रूप, लिंग, कादंबरीतलं वाक्य पान क्रमांकासह, आणि आपल्या भाषेत अर्थ. ‘अंमळ – थोडे’ एवढंच लिहिलं तर आठवड्यात पुसलं जातं. ‘अंमळ थांबा, येतोच’ हे राहतं. अर्थ पानाच्या उजव्या कडेला लिहा, म्हणजे झाकून उजळणी करता येते: दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने. झाकलेला अर्थ आधी स्वतः आठवायचा, मगच बघायचा. नुसतं वाचत गेलं की सगळं येतंय असं वाटतं आणि पुढच्या प्रकरणात तोच शब्द पुन्हा अडतो.

दागिने, वस्त्रं, भांडी यांची नावं मात्र पाठ करत बसू नका. चित्र शोधा, एकदा नीट बघा, पुढे चला.