ज्वालामुखी शिकायचाय? मग पावागड पायी चढा

जिऑलॉजीला नव्याने आलेली मुलं पहिल्या आठवड्यातच विचारतात, "ताई, ज्वालामुखी प्रत्यक्ष कधी बघायला मिळणार?" भारतात जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. तिथे कॉलेजची सहल जात नाही. पण म्हणून बडोद्यात राहून ज्वालामुखी शिकणं ही तडजोड आहे, असं मला मुळीच वाटत नाही. पन्नासएक किलोमीटरवर पावागडचा डोंगर आहे, आणि शांत वाहणारा लाव्हा व स्फोट घडवणारा लाव्हा यांतला फरक तिथे पायथ्यापासून माथ्यापर्यंत चालत बघता येतो.

त्याआधी एक गैरसमज काढून टाका. पृथ्वीच्या कवचाखाली लाव्हाचा समुद्र उकळत नसतो. कवचाखालचं प्रावरण तापलेलं असलं तरी घन आहे. तिथला खडक वितळतो तो तीन कारणांनी. वर सरकताना त्याच्यावरचा दाब कमी होतो, किंवा त्यात पाणी मिसळून त्याचा वितळणबिंदू खाली येतो, किंवा खालून जास्तीची उष्णता मिळते. आइसलंडमध्ये पहिलं कारण मोठं, तर जपान आणि इंडोनेशियात दुसरं, कारण तिथे समुद्रतळाची प्लेट खाली घुसताना पाणी सोबत नेते. हे तीन मुद्दे नीट कळले की जगाच्या नकाशावर ज्वालामुखी रांगेनं का दिसतात ते पाठ करावं लागत नाही.

वितळलेला खडक म्हणजे शिलारस, बाहेर पडला की त्यालाच लाव्हा म्हणतात. तो भोवतालच्या खडकापेक्षा हलका, म्हणून वर चढतो. त्यात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड हे वायू विरघळलेले असतात. वर येताना दाब घटतो आणि वायू बुडबुड्यांच्या रूपात सुटू लागतात. पुढे काय होणार हे मुख्यतः सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग, ठरवते. बेसॉल्टी रसात, म्हणजे गोठून काळा बेसॉल्ट खडक बनणाऱ्या रसात, सिलिका साधारण 45 ते 52 टक्के आणि तापमान 1100 ते 1200 अंश सेल्सिअस. हा रस एकतारी पाकासारखा, बुडबुडे सहज निसटतात, लाव्हा वाहत जातो. हवाईचा किलाउएआ असा. रायोलाइटी रसात, म्हणजे गोठून फिकट रायोलाइट खडक बनणाऱ्या रसात, सिलिका सत्तर टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त, तापमान 700 ते 900 अंश. हा गोळीबंद पाक. बुडबुडे अडकतात, फुगतात आणि शेवटी रसाच्याच चिंधड्या उडवतात. त्या चिंधड्या म्हणजे ज्वालामुखीची राख. तिला धूर समजू नका. काचेचा आणि खनिजांचा तो बारीक चुरा असतो. अर्थात बेसॉल्टी रसाला वाटेत भूजल किंवा समुद्र भेटला तर तोही फुटतो, हे परीक्षेत हमखास निसटतं.

फिलिपिन्सचा पिनाटुबो 15 जून 1991 रोजी फुटला. त्याच्या सल्फर डायऑक्साइडपासून वातावरणाच्या वरच्या थरात सूक्ष्म थेंब तयार झाले, सूर्यप्रकाश अडला आणि पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशानं उतरलं. मला मात्र त्यातली आधीची गोष्ट जास्त मोलाची वाटते. भूकंपाचे धक्के आणि वायूंच्या नोंदी वाचून शास्त्रज्ञांनी इशारा दिला आणि हजारो माणसं वेळेत हलवली गेली.

आता पावागड. रोपवे टाळा, पायऱ्यांनी जा. पायथ्याशी काळा बेसॉल्ट, दख्खनच्या पठाराचाच भाग, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. तो शंकूसारख्या डोंगरांतून कमी आणि जमिनीच्या लांबलचक भेगांतून जास्त आला. प्रत्येक प्रवाहाच्या माथ्याजवळ बुडबुड्यांची भोकं वाढतात, बऱ्याचदा त्यांत कॅल्साइट किंवा झिओलाइट ही खनिजं भरलेली दिसतात. एक प्रवाह कुठे संपला ते त्यावरून ओळखा. चढत गेलात की माथ्याकडे फिकट, कठीण रायोलाइट लागतो. भिंग लावा, त्यातले पट्टे घट्ट रस वाहिल्याच्या खुणा आहेत. एकाच डोंगरात दोन्ही कसे? शिलारस खाली साचून राहिला की लोह-मॅग्नेशियमची खनिजं आधी गोठून वेगळी होतात आणि उरलेला रस सिलिकानं समृद्ध होतो. कवचाचा खडक वितळूनही भर पडू शकते, आणि पावागडात कशाचा वाटा किती यावर वाद घालायला भरपूर जागा आहे. पावागड हा 'झोपलेला ज्वालामुखी' असल्याचं गावात ऐकायला मिळेल. तसं नाही. झिजून उरलेला लाव्हाचा ढीग आहे तो. आपली विश्वामित्री नदी तिथूनच निघते.

हातोडा मात्र बॅगेतच ठेवा. देवस्थान आहे, शिवाय चांपानेर-पावागड 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे. नवरात्रात तर जाऊच नका, खडक दिसायच्या आधी माणसं दिसतील.

दुसऱ्या वर्षी जमलं तर छोटा उदेपूरकडचा अंबाडुंगर गाठा. तिथला कार्बोनेटाइट सिलिकाऐवजी कार्बोनेटी शिलारसापासून बनला. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतो. असा लाव्हा आज ओतणारा ज्वालामुखी एकच, टांझानियातला ओल दोइन्यो लेंगाई, आणि तो लाव्हा जेमतेम 500 ते 600 अंशांचा.

अभ्यासाचं म्हणाल तर रसायनशास्त्र सोडू नका. ज्वालामुखीशास्त्र निम्मं तिथेच आहे. 0.03 मिलिमीटर जाडीचे खडकाचे काप मायक्रोस्कोपखाली बघायला वेळ द्या, आणि प्रत्येक कापाचं चित्र हातानं काढा, मोबाइलच्या फोटोवर भागवू नका. आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅम या प्रवेश परीक्षेत जिऑलॉजीचा पेपर असतो. 1851 पासून चालत आलेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायचं तर यूपीएससीची कम्बाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा, तिला पदव्युत्तर पदवी लागते. घरचे नोकरीचं विचारतील तेव्हा भूजल, खाणी, बोगदे, तेल ही यादी आधी सांगा. ज्वालामुखीचं नाव नंतर काढलेलं बरं.