डीएनए टेस्ट करून आपलं घराणं कसं शोधायचं: थुंकण्याआधी काय आणि थुंकल्यावर काय

आमच्या घरात लहानपणापासून एक गोष्ट ऐकतोय, की पणजोबांचा धाकटा भाऊ प्लेगच्या साली, म्हणजे १८९७च्या आसपास, गाव सोडून इंदूरकडे गेला आणि मग त्याचा पत्ताच लागला नाही. आता इंदूरला आमच्याच आडनावाची एक फॅमिली आहे, फेसबुकवर ओळख झाली, त्यांच्याकडेही "आपण सातारकडचे" एवढंच शिल्लक. ते आमच्या भाऊकीतले की नुसतेच आडनावबंधू, एवढ्या एका प्रश्नापायी मी या डीएनए टेस्टच्या नादी लागलो. दोन वर्षं गेली, बऱ्याच चुका केल्या, म्हणून हे लिहितोय.

आधी प्रश्न ठरवा

"आपण मूळचे कुठले" हा प्रश्नच नाही, त्याला टेस्ट काय उत्तर देणार. "अमुक घराणं आणि आपलं घराणं एकच का", "आजीच्या माहेरचं कोण उरलंय", "मला दत्तक घेतलंय तर रक्ताचं कोणी सापडेल का" असा प्रश्न हवा, कारण टेस्ट त्यावरून ठरते.

तीन प्रकार आहेत. वाय-डीएनए बापाकडून मुलाकडे जातो, म्हणजे साधारण आडनावाच्याच वाटेने. तो फक्त पुरुषांत असतो, त्यामुळे बाईला माहेरचं घराणं शोधायचं तर वडील, भाऊ नाहीतर चुलत भाऊ यांची टेस्ट करावी लागते. मायटोकॉन्ड्रियल आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे फक्त मुलीच देतात. आणि तिसरी ऑटोसोमल, जी बहुतेक कंपन्या विकतात, ती दोन्हीकडचे नातेवाईक दाखवते पण पाच-सहा पिढ्यांपलीकडे तिचा दम संपतो. माझा प्रश्न सरळ बापाच्या वाटेचा होता, तरी मी आधी स्वतःची ऑटोसोमल करून बसलो, ही पहिली चूक.

आणि एक, वाय-डीएनए म्हणजे गोत्र नव्हे. ऐकायला सारखंच वाटतं, दोन्ही बापाकडून येतात, पण कित्येक घराण्यांनी गोत्र उपाध्यायाकडून घेतलेलं आहे. वतनदार घराण्यांत दत्तक तर सर्रास, आता दत्तक भाऊकीतलाच असेल तर वाय जुळतोच, बहिणीचा मुलगा घेतला असेल तर मात्र वंशवेल अखंड आणि वाय भलताच.

मग म्हातारी माणसं आणि कागद

किट मागवायच्या आधी हे करा, नंतर नाही. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ फोनचं रेकॉर्डिंग लावून बसा आणि "पूर्वज सांगा" असं न म्हणता "तुमच्या लग्नात मामा कोण उभा राहिला होता", "कुलदैवताला कुठं जायचात", "सोयरीक कुठल्या गावांशी" असं विचारा. आत्याने एका दुपारी सतरा नावं सांगितली, ती कुठल्याच कागदावर नाहीत.

कागदांत सगळ्यात कामाचं म्हणजे तहसील कार्यालयातलं गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी. कुणबी नोंदींच्या शोधामुळे हल्ली हा शब्द सगळ्यांना पाठ झालाय. जुनं असेल तर मोडीत असतं, मोडी वाचणारा माणूस शोधा, पैसे देऊन वाचून घ्या. जमीन असेल तर जुने फेरफार काढा, वारसनोंदीत भावाभावांची नावं एका ओळीत सापडतात. काही घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत, तुमचं नशीब असेल तर अर्धं काम तिथंच होतं. आणि नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते तुमच्या घराण्याची वही काढतात. हे शेवटी परत येईल.

मॉरिशसच्या मराठी कुटुंबांना तिकडचा कागद आधी बघावा लागतो, मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदी जपलेल्या आहेत, तिथून गावाचं नाव मिळालं तरच इकडे शोधायला टोक सापडतं.

टेस्ट कुणाची करायची

तुमची नाही. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची. कारण साधं आहे, दर पिढीला निम्मा डीएनए गळतो. आजोबांचा तुमच्यात साधारण २५ टक्के, पणजोबांचा साडेबारा. इंदूरचे ते खरंच आमचे असतील तर बाबा आणि तिथले काका हे सेकंड कझिन, म्हणजे दोघांचे आजोबा सख्खे भाऊ, त्यांच्यात सरासरी २३०च्या आसपास सेंटीमॉर्गन जुळायला हवेत (सेंटीमॉर्गन हे डीएनएचं मोजमाप, बाप-मुलात ते ३४००च्या आसपास येतं). मी आणि त्यांचा मुलगा थर्ड कझिन, आमच्यात सरासरी सत्तरेकच. आणि थर्ड कझिनमध्ये दहातल्या एका जोडीत तर काहीच जुळत नाही, म्हणजे नातं खरं असून टेस्ट गप्प. म्हणून बाबा, आत्या, मोठे काका असतील तोवर त्यांचं सॅम्पल घेऊन ठेवा. त्यांना काय करतोय ते नीट सांगून, हो म्हणाले तरच.

किट मागवताना कंपनी भारतात पाठवते का, आणि सॅम्पल परत कसं जाणार, हे पैसे भरायच्या आधी बघा. आमची किटं न्यू जर्सीच्या चुलत बहिणीने सुट्टीत येताना आणली आणि जाताना परत नेली.

सॅम्पल देताना

किट दोन तऱ्हेची, गालाच्या आतून काडी फिरवायची किंवा नळीत थुंकायचं. थुंकायच्या आधी अर्धा तास खाणं, पिणं, तंबाखू काही नाही. आता आत्या पहाटे उठल्याबरोबर मिश्री लावते, तिला अर्धा तास मिश्री बंद म्हणजे उपास सांगितल्यासारखं. पहिल्यांदा ती "लावली नाही" म्हणाली आणि नळीत तपकिरी थुंकी आली. ते सॅम्पल लॅबने फेल केलं, महिना वाया. दुसऱ्यांदा मी समोर बसलो, चूळ भरायला लावली, अर्धा तास गप्पा मारल्या. तोंड कोरडं पडलं तर गाल बाहेरून चोळायचे, चिंचेचं नाव काढायचं, पाणी येतं. थुंकी रेघेपर्यंत हवी, वरचा फेस धरायचा नाही, त्यात आमचं एकदा फसलं. झाकणातलं द्रव आत पडेपर्यंत झाकण घट्ट करून नळी हलवायची, आणि नळीवरचा नंबर कुणाचा हे त्याच क्षणी लिहून ठेवायचं, एकाच दिवशी तिघांची सॅम्पल घेतलीत तर नक्कीच. पुढे दीडदोन महिने वाट बघा.

रिझल्ट आल्यावर

टक्केवारीचा रंगीत नकाशा सगळे आधी उघडतात. मी पण उघडला, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, मग चार दिवस कोण इराणी कोण ग्रीक यावर भांडणं. कंपन्यांकडे तुलनेला भारतीय नमुने कमी असतात, त्यामुळे आपल्याला जाडजूड पट्ट्यांत बसवतात, आणि अपडेट आला की टक्के बदलतात. आर१ए (वाय-डीएनएचा एक गट) निघाला म्हणून कॉलर ताठ करणारे भेटले मला, तो कितीतरी जातींत मिळतो. या तंत्राचा खरा उपयोग संशोधकांच्या हातात दिसतो. कोकणातल्या बेने इस्रायलींवर २०१६ साली निबंध आला, त्यात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय दोन्ही वारसे दिसले. पण तो कितीतरी माणसांच्या तुलनेवर उभा होता, एकट्याच्या नळीवर नाही.

खरं काम मॅचच्या यादीत, म्हणजे ज्यांच्याशी आपला डीएनए जुळला त्यांच्या यादीत. आपल्याकडे पहिला धक्का म्हणजे यादीत बहुतेक अमेरिका-इंग्लंडला गेलेले लोक, गावाकडचं कोणी नाही, कारण गावाकडे कोण टेस्ट करतंय. म्हणून नुसतं कोण सापडतंय बघत बसू नका, ज्याच्याशी नातं तपासायचंय त्यालाच टेस्ट करायला राजी करा.

दुसरा घोटाळा आपल्या लग्नांचा. २०१३च्या एका अभ्यासात, ज्यात हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ होते, असं दिसलं की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंत इथले समूह एकमेकांत मिसळत होते आणि मग ते मिसळणं बंद पडत गेलं, लग्नं जातीतल्या जातीत. म्हणजे आपल्या जातीतला कुणीही अनोळखी माणूस लांबून थोडाफार जुळतोच आणि कंपनीचं सॉफ्टवेअर त्याला जवळचा कझिन म्हणून मोकळं होतं. वीस-तीस सेंटीमॉर्गनच्या मॅचवर जीव टाकू नका. त्यात आमच्या आजोबांचं लग्न मामाच्या मुलीशी. त्या मामाच्या भावाचा नातू बाबांशी ४५०च्या वर जुळला, जिथं २३०च्या आसपास यायला हवं होतं. मी दोन आठवडे "हा चुलत काका कुठून आला" म्हणून डोकं खाजवत होतो, मग आत्याच म्हणाली, अरे तो दोन्हीकडून आपला. तुमच्या घरात मामाची मुलगी केलेली असेल तर आकडा फुगतो हे धरूनच चाला.

डेटाचं

थोडक्यात सांगतो. ट्वेंटीथ्री अँड मी या मोठ्या कंपनीतून २०२३मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती फुटली, मार्च २०२५मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि मग ती विकली गेली. अमेरिकेत २०१८मध्ये एक जुना खुनी जेडमॅच या साईटवरच्या लांबच्या नातेवाईकांवरून सापडला. आपल्याकडे डीएनएच्या वापराला नियम घालायला आणलेलं विधेयक २०२३मध्ये मागे घेतलं. म्हणजे तुम्ही थुंकलात की भाऊ, काका, पुतणे सगळ्यांचा डीएनए थोडा थोडा बाहेर जातो. खोटं नाव चालतं, संशोधनाची परवानगी बंद ठेवा, रॉ फाईल (तुमच्या डीएनएचा कच्चा डेटा) उतरवून घ्या आणि काम झालं की डेटा आणि सॅम्पल दोन्ही नष्ट करायला सांगा. घरातल्यांना आधीच विचारा की काही नको ते बाहेर आलं तर कळवायचं का. एका मित्राच्या घरी दोन सख्खे भाऊ निम्मेच सख्खे निघाले, आई ऐंशीची आहे, त्यांनी तो विषय तिथंच ठेवला.

आमचं काय झालं

इंदूरच्या काकांना राजी करायला आठ महिने लागले. बाबांची आणि त्यांची वाय टेस्ट ३७ मार्करची (मार्कर म्हणजे डीएनएवरच्या तुलनेच्या ठरावीक जागा) केली, ३६ जुळले, ऑटोसोमलमध्ये २१२ आले. म्हणजे भाऊकी नक्की, पण टेस्ट एवढंच सांगते, कोणत्या भावाची शाखा ते नाही. मग मी नाशिकला गेलो. गुरुजींनी लाल कापडात बांधलेली वही काढली, बोट खाली नेत नेत एका ओळीवर थांबले आणि मोडी वाचून दाखवलं: पणजोबांच्या वडिलांचं नाव, खाली धाकट्या मुलाचं नाव, आणि पुढे "हल्ली वस्ती इंदूर". तो धाकटा आईच्या अस्थी घेऊन आला होता. मी फोटो काढून इंदूरला पाठवला, तिकडून काकांचा फोन आला, दोघंही काही बोललो नाही. गुरुजी म्हणाले आता तुमच्या मुलांची नावं सांगा, लिहून ठेवतो.