ट्रॅक्टरचा रोटरी स्लॅशर सुरक्षितपणे कसा चालवावा

इंदूरच्या परिसरात, सांवेर, देपालपूर किंवा महूच्या बाजूला, ज्या मराठी कुटुंबांची शेती आहे त्यांना हार्वेस्टरने गहू काढल्यावर उरणाऱ्या धसकटांचा प्रश्न दरवर्षी पडतो. इथे या धसकटांना नरवाई म्हणतात आणि ती जाळण्यास मनाई आहे. म्हणून ट्रॅक्टरमागे स्लॅशर लावून ती बारीक करण्याकडे कल वाढला आहे. पुष्कळदा शेतमालक शहरात राहतो आणि यंत्र गावातला ड्रायव्हर चालवतो. पुढील गोष्टी त्या दोघांनाही ठाऊक असाव्यात, कारण मालकाने घाई केली की नियम पहिल्यांदा ड्रायव्हरच मोडतो.

जाड पत्र्याच्या छताखाली उभ्या दांड्याभोवती आडवी पाती फिरतात, एवढीच या यंत्राची रचना आहे. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे मागच्या यंत्राला शक्ती देणारा फिरता दांडा, मिनिटाला 540 फेरे घेतो, गिअरबॉक्स ती गती आणखी वाढवतो आणि पाच फुटी यंत्रात पात्याच्या टोकाचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या पुढे जातो. अशा पात्याखाली आलेला दगड गोळीसारखा सुटतो. त्यामुळे पुढची व मागची साखळ्यांची झालर शाबूत असल्याशिवाय यंत्र शेतात उतरवू नये आणि चहूबाजूंनी 100 मीटरच्या आत माणूस किंवा जनावर असू देऊ नये. शेताला लागून रस्ता असेल तर त्या कडेचे काम वर्दळ नसताना करावे.

काम सुरू करण्याआधी शेत पायी फिरून पाहावे. तारेचे तुकडे, ठिबकच्या नळ्या, सुतळी आणि दगड उचलून टाकावेत. उचलता न येणाऱ्या दगडांजवळ व बुंध्यांजवळ उंच काठीला लाल कापड बांधून खूण करावी. माळव्यात कठडा नसलेल्या जुन्या विहिरी अजून आहेत आणि पावसाळ्यानंतर त्यांच्या काठावर कमरेइतके गवत माजते. तिथली काळी माती वरून घट्ट दिसली तरी वजनाखाली खचू शकते, म्हणून काठापासून बरेच अंतर सोडून उरलेले गवत विळ्याने कापावे.

सर्वांत जास्त जपायचे ते पीटीओला यंत्राशी जोडणाऱ्या पीटीओ शाफ्टला. साधारण आठ सेंटीमीटर जाडीचा शाफ्ट 540 फेऱ्यांवर सेकंदाला दोन मीटरहून अधिक कापड गुंडाळून घेतो; पकडलेला गमछा सोडवायला तेवढा वेळ कोणालाही मिळत नाही. एप्रिलच्या उन्हात गळ्यात ओला गमछा ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे आणि ती समजण्यासारखी आहे, पण या कामात तो डोक्याला घट्ट बांधावा, टोके मोकळी सोडू नयेत. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण फुटले असेल तर नवे बसवेपर्यंत काम थांबवावे. चालू शाफ्ट ओलांडून जाणे तर कोणत्याही कारणाने मान्य होऊ नये.

पीटीओ कमी रेसवर जोडावा आणि मग हळूहळू ठरलेल्या गतीवर आणावा. वळताना यंत्र फार उचलू नये. उचललेल्या यंत्राखालून दगड मोकळेपणाने सुटतात आणि शाफ्टच्या सांध्यांवरही ताण येतो. महूकडच्या चढउताराच्या जमिनीत उतारावर आडवे न जाता वर-खाली चालावे. मडगार्डवर कोणालाही बसवू नये, घरच्या मुलालासुद्धा.

अपघाताची दुसरी मोठी वेळ म्हणजे गवत अडकून यंत्र थांबते ती. पीटीओ बंद केल्यावरही पाती बराच वेळ फिरत राहतात. आधी पीटीओ बंद करावा, यंत्र जमिनीवर टेकवावे, हँडब्रेक लावून इंजिन बंद करावे, किल्ली खिशात घालावी आणि आवाज पूर्ण थांबेपर्यंत आसनावरच बसून राहावे. खाली वाकून काही काढायचे असेल तर यंत्राखाली भक्कम लाकडी ठोकळे लावावेत. केवळ हायड्रॉलिकच्या भरवशावर कधीही खाली हात घालू नये, कारण एखादा पाइप फुटला तरी सगळे वजन क्षणात खाली येते.

शिअर बोल्ट, म्हणजे जास्त ताण आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट, तुटला की कारखान्याने सांगितलेल्या दर्जाचाच नवा घालावा. तो तुटतो म्हणूनच गिअरबॉक्स वाचतो, त्यामुळे हाताशी असलेला कडक बोल्ट ठोकणे महागात पडते. पाती बदलताना जोडीनेच बदलावीत, नाहीतर तोल बिघडून यंत्र थरथरते. वाळलेल्या नरवाईत पाते दगडावर आपटून ठिणगी पडू शकते. म्हणून गिअरबॉक्सवर साठलेला भुसा दर तासाला झाडावा आणि बांधावर पाण्याचा ड्रम भरून ठेवावा.

ज्यांना पद्धतशीर शिकायचे असेल त्यांच्यासाठी आपल्याच मध्य प्रदेशात, बुधनी येथे, केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे. नव्या ड्रायव्हरला हंगामाआधी तिथे पाठवणे मला यंत्र विकत घेण्याइतकेच आवश्यक वाटते.

संध्याकाळी यंत्र उचललेल्या स्थितीत उभे न ठेवता जमिनीवर टेकवून ठेवावे आणि किल्ली घरी न्यावी. खळ्यावर मुले खेळायला येतात.